रोमचा नकार

1957 साली रोममधल्या सेरोनो या औषध कंपनीच्या संचालक मंडळापुढे एक तिशीतला डॉक्टर उभा राहिला आणि त्याने म्हाताऱ्या नन्सचं मूत्र मागितलं. ब्रूनो लुनेनफेल्ड त्याचं नाव. जन्माने व्हिएन्नाचा ज्यू, शिक्षण जिनिव्हात, पुढची कारकीर्द इस्रायलमध्ये. त्याचं म्हणणं असं की रजोनिवृत्तीनंतर बाईच्या शरीरात बीजकोषाला चालना देणारी हार्मोन्स भरपूर तयार होतात आणि लघवीवाटे वाया जातात. ती काढून घेतली, तर ज्या तरुण बायकांची बीजांडं पिकतच नाहीत त्यांना मूल होऊ शकेल. हार्मोन वेगळं करण्याची रीत सेरोनोच्याच पिएरो दोनिनी या रसायनशास्त्रज्ञाने काही वर्षांपूर्वी बसवली होती. पण तिचं करायचं काय, हे कंपनीला उमगलं नव्हतं.

मूत्र हवं होतं हजारो लिटर, आणि तेही खात्रीचं. त्यात एखादी गरोदर बाई आली तर तिच्या वेगळ्या हार्मोनने सगळा साठा बिघडला असता. वयस्क, एकत्र राहणाऱ्या आणि गरोदर नसल्याची हमी असलेल्या बायका कुठे मिळणार? लुनेनफेल्डने पुढे अनेकदा सांगितलेली हकिगत अशी, की संचालकांनी त्याचं बोलणं ऐकून घेतलं आणि वाटेला लावलं. मग मंडळावरच्या प्रिन्स जुलिओ पाचेल्लींनी मध्यस्थी केली. काही दिवसांनी त्यांनी तोच प्रस्ताव स्वतः मांडला आणि शेवटी जोडलं, की आपले चुलते या कामी मदत करतील, वृद्ध धर्मभगिनींच्या मठांना तसं सांगतील. हे चुलते म्हणजे पोप पायस बारावे. संचालकांचं मत तिथल्या तिथे फिरलं. मठांच्या दारात टँकर लागू लागले. एका रुग्णाच्या एका उपचारापुरतं औषध काढायला दहा नन्सचं दहा दिवसांचं मूत्र लागे. औषधाचं नाव पर्गोनाल. त्याच्या साहाय्याने झालेलं पहिलं मूल 1962 मध्ये इस्रायलमध्ये जन्मलं.

आता याच चुलत्यांनी वर्षभरापूर्वी काय म्हटलं होतं ते पाहू. मे 1956 मध्ये वंध्यत्वावरच्या जागतिक परिषदेसाठी नेपल्सला जमलेले डॉक्टर त्यांच्या भेटीला आले होते. शरीराबाहेर, काचेच्या नळीत गर्भधारणा घडवण्याचे प्रयत्न तेव्हा कुठे प्रयोगशाळांत चाचपडत होते आणि कुणालाही यश आलेलं नव्हतं. पोपनी ते प्रयत्न अनैतिक आणि पूर्णपणे निषिद्ध ठरवून टाकले. असं पहिलं मूल जन्माला येण्याच्या 22 वर्षं आधीच निकाल लागला.

यात ढोंग शोधायचा मोह होतो, पण ते ढोंग नव्हतं. पायस बारावे आपल्या तर्काशी प्रामाणिकच होते. नवराबायकोच्या संगाला मदत करणारं औषध चालेल, त्या संगाची जागा घेणारं तंत्र चालणार नाही, अशी त्यांची रेघ होती. पर्गोनाल रेघेच्या अलीकडे पडत होतं. पुढच्या 50 वर्षांत रोमने ही रेघ टिकवायला किती कसरत केली, आणि दरम्यान नकाराचं कारणच कसं बदलत गेलं, ती ही हकिगत.

या विषयाची सुरुवातही एका पाद्रीबुवांनीच केलेली आहे. लाझ्झारो स्पालान्झानी हे दीक्षा घेतलेले धर्मगुरू आणि पाविया विद्यापीठात निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक. त्यांनी नर बेडकांना मेण लावलेल्या तलम कापडाच्या चड्ड्या शिवून घातल्या आणि दाखवून दिलं, की चड्डी असली की अंडी फळत नाहीत, आणि चड्डीतले थेंब अंड्यांना लावले की फळतात. मग त्यांनी एका कुत्रीला कोंडून ठेवून पिचकारीने वीर्य दिलं. बासष्ट दिवसांनी तिला तीन पिल्लं झाली. 1780 मध्ये हे सगळं छापून आलं. गंमत अशी, की वीर्यातले वळवळणारे जंतूच गर्भधारणा घडवतात हे मात्र या थोर प्रयोगकर्त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांच्यावर चर्चने कसली कारवाई केल्याचं इतिहासात नाही. कुत्र्यांचा मामला होता, कुणाला त्यात पाप दिसलं नाही.

माणसांवर तोच प्रयोग डॉक्टर एकोणिसाव्या शतकात करू लागले तेव्हा प्रश्न रोमला पोहोचला. 1897 मध्ये चर्चच्या पवित्र कचेरीला, म्हणजे धर्ममतांवर अंतिम निर्णय देणाऱ्या खात्याला, विचारलं गेलं: स्त्रीवर कृत्रिम रीतीने गर्भाधान करणं चालेल काय? लॅटिनमध्ये दोन शब्दांचं उत्तर आलं, की परवानगी नाही. कारण दिलेलं नव्हतं. एखाद्या खात्याला कारण द्यावं लागत नाही तोवर त्याचं बळ मोठं असतं, हे आपल्याकडच्या सरकारी पत्रव्यवहारातून कुणालाही माहीत आहे.

धर्मशास्त्रींना मात्र कारण लागतंच. पुढची 50 वर्षं ते त्या दोन शब्दांत काय काय बसतं याचा खल करत राहिले. नवऱ्याचंच वीर्य असेल तर? ते संगानंतर गोळा करून आत ढकललं तर? खरी गाठ वीर्य मिळवण्यात होती, कारण हस्तमैथुन हे स्वतःच पाप. 1929 मध्ये रोमने स्पष्ट केलं, की वैद्यकीय तपासणीसाठीसुद्धा ते चालणार नाही. म्हणजे मूल होत नाही म्हणून आलेल्या कॅथलिक जोडप्यात नवऱ्याची साधी तपासणी करायचीही पंचाईत. दोष बायकोवर टाकणं तिथेही सोपंच होतं म्हणायचं.

कारण अखेर पायस बाराव्यांनी दिलं, आणि तपशिलाने दिलं. 1949 मध्ये कॅथलिक डॉक्टरांपुढे बोलताना त्यांनी तीन पायऱ्या केल्या. विवाहाबाहेरचं कृत्रिम गर्भाधान अनैतिक. विवाहातलं, पण परपुरुषाच्या वीर्याने झालेलं, तेही अनैतिक. विवाहातलं आणि नवऱ्याच्याच वीर्याने झालेलं असलं तरी नको. फक्त नैसर्गिक संगाला हात देणारे उपाय त्यांनी मोकळे ठेवले. दोन वर्षांनी इटलीतल्या सुइणींपुढे त्यांनी यामागचा विचार मांडला. नवराबायकोचं जवळ येणं म्हणजे नुसती बीजाची ने-आण मानली, तर घर ही जीवशास्त्राची प्रयोगशाळा होईल, असा त्याचा आशय. भ्रूणाचा या सगळ्यात जवळपास उल्लेख नाही. आक्षेप शय्येचा आहे. मूल कशातून यावं हा प्रश्न आहे, मुलाचं काय होईल हा नाही.

इंग्लंडमध्ये केंब्रिजचा रॉबर्ट एडवर्ड्स, ओल्डमचा शल्यवैद्य पॅट्रिक स्टेप्टो आणि त्यांची सहकारी जीन पर्डी 1960 च्या दशकाअखेर एकत्र आले. बायकांची बीजांडं पिकवायला त्यांनी सुरुवातीच्या वर्षांत जे औषध वापरलं त्यात पर्गोनाल होतं. इटालियन मठांतून निघालेला द्रव लँकेशायरच्या प्रयोगशाळेत पोहोचला होता, आणि तोही पोपनी निषिद्ध ठरवलेल्या नेमक्या त्याच कामाला. पण औषधाने बीजांडं मिळत, गर्भ रुजत नसे. हार्मोनमुळे गर्भाशयाचं वेळापत्रक बिघडतं, असा निष्कर्ष काढून त्यांनी अखेर औषध सोडलं आणि लेस्ली ब्राऊन यांच्या नैसर्गिक पाळीत तयार झालेलं एकच बीजांड उचललं. 25 जुलै 1978 च्या रात्री ओल्डमच्या इस्पितळात लुईज ब्राऊन जन्मली.

त्या उन्हाळ्यात रोमला वेळ नव्हता. पोप पॉल सहावे 6 ऑगस्टला वारले. नवा पोप निवडायला जगभरचे कार्डिनल जमत होते. व्हेनिसचे कार्डिनल आल्बिनो लुचानी यांनी त्याच्या काही दिवस आधी ओल्डमच्या मुलीबद्दल दिलेलं उत्तर आजही वाचण्यासारखं आहे. पायस बाराव्यांची शिकवण आपल्याला मान्य आहे, असं ते म्हणाले. मुलं कारखान्यात बनू लागतील ही भीतीही त्यांनी बोलून दाखवली. पण आधी त्यांनी मुलीला शुभेच्छा दिल्या होत्या. आईवडिलांना दोषी ठरवायचा आपल्याला अधिकार नाही, त्यांनी शुद्ध हेतूने आणि सद्भावनेने हे केलं असेल तर देवाजवळ त्यांच्या पदरी पुण्यही जमा होऊ शकेल, असं त्यांनी सांगितलं. 26 ऑगस्टला हेच लुचानी जॉन पॉल पहिले म्हणून पोप झाले. तेहेतीस दिवसांनी वारले. ते जगते तर रोमचा सूर वेगळा लागला असता का, याची चर्चा कॅथलिक वर्तुळात होत आली आहे. मला तसं वाटत नाही. शिकवण त्यांनीही हलवली नव्हती, फक्त माणसाकडे आधी पाहिलं होतं. पण तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

रोमचं सविस्तर उत्तर यायला जवळपास नऊ वर्षं गेली. तोवर आयव्हीएफ, म्हणजे काचेतली गर्भधारणा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, फ्रान्समध्ये रुजलं होतं, आणि मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून ऑगस्ट 1986 मध्ये मूल जन्मलं होतं. मार्च 1987 मध्ये कार्डिनल योझेफ रात्सिंगर यांच्या सहीने ‘दोनुम व्हिताए’ हा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. मूल हा दांपत्याचा हक्क नाही, ती देणगी आहे. नवराबायकोचं मीलन आणि अपत्यजन्म यांची फारकत करता येत नाही. म्हणून नवऱ्याचं वीर्य आणि बायकोचंच बीजांड असलं तरी काचेतली गर्भधारणा नको. इथवर पायस बाराव्यांचंच म्हणणं होतं. नवं वजन दुसऱ्या मुद्द्याला होतं: गर्भधारणेच्या क्षणापासून भ्रूणाला माणूस म्हणून वागवलं पाहिजे. आयव्हीएफमध्ये जास्तीची भ्रूणं तयार होतात, गोठवली जातात, टाकली जातात, आणि हे माणसांच्या बाबतीत घडतंय असं मानायचं. नकार तोच राहिला, त्याचा पाया शय्येवरून प्रयोगशाळेतल्या बशीत सरकला. लुचानींचा सूरही एका ठिकाणी ऐकू येतो: अशा रीतीने जन्मलेल्या मुलाचं देवाची देणगी म्हणूनच स्वागत करावं, असं दस्तऐवज सांगतो.

दस्तऐवजाने एका तंत्राबद्दल मात्र मौन पाळलं, आणि तेवढ्या फटीतून कॅथलिक डॉक्टर शिरले. टेक्सासमध्ये रिकार्डो आश यांनी 1984 च्या सुमारास गिफ्ट नावाची पद्धत काढली होती. यात बीजांड आणि शुक्रजंतू एकाच बारीक नळीत भरून थेट बाईच्या बीजवाहिनीत सोडायचे, गाठ आत शरीरातच पडू द्यायची. काचेत गर्भधारणा होत नाही, म्हणजे 1956 चा निषेध लागू नाही. पण नळीत दोघांची भेट झाली तर? म्हणून दोन थेंबांच्या मध्ये हवेचा बुडबुडा ठेवायचा. आणि वीर्य? ते नवराबायकोच्या संगातूनच घ्यायचं, पण निरोध वापरला तर संततिनियमनाचं पाप. म्हणून निरोधाला भोकं पाडायची, म्हणजे गर्भधारणेची शक्यता तत्त्वतः खुली राहते. हे मी चेष्टेने सांगत नाही. काही कॅथलिक धर्मशास्त्री याला संगाला केलेली मदत म्हणत, तर काहींच्या मते ही संगाची जागा घेणंच होतं, आणि दोन्ही बाजूंनी गंभीर लेख लिहिले गेले. सोवळ्यात पाणी भरणाऱ्या घरांत नळाच्या चामडी वॉशरवरून एके काळी जे वाद झाले, त्या जातीचा हा वाद. रोमने गिफ्टवर कधी नाव घेऊन निकाल दिला नाही. भारतातलं पहिलं गिफ्ट बाळ मुंबईत जानेवारी 1988 मध्ये झालं. तिथे बुडबुड्याची गरज कुणाला वाटली असेल असं नाही.

सगळ्यांनीच फटी शोधल्या नाहीत. बेल्जियममधलं लुव्हेन, नेदरलँड्समधलं नाइमेखेन अशा कॅथलिक विद्यापीठांच्या इस्पितळांनी दस्तऐवज वाचला आणि आयव्हीएफ चालूच ठेवलं. विवाहित जोडप्याला त्यांच्याच बीजापासून मूल देण्यात पाप कसलं, असं तिथल्या डॉक्टरांचं म्हणणं.

याच काळात इतर धर्मांचं काय चाललं होतं ते थोडक्यात सांगायला हवं, कारण त्यातून रोमचं वेगळेपण कळतं. कैरोत 1980 च्या मार्चमध्ये शेख जाद अल-हक यांनी फतवा दिला: नवराबायकोची स्वतःची बीजं असतील तर काचेतली गर्भधारणा चालेल. तिसऱ्याचं काहीही नको. तिथे काच अडचणीची नव्हती, वंशाची सरमिसळ होती. इराणमध्ये आयातुल्ला खामेनेई यांनी 1999 मध्ये दात्याचं बीजही अटींवर मान्य केलं. इस्रायलमध्ये रब्बी आईपणाच्या व्याख्येवर वाद घालत राहिले आणि सरकार आयव्हीएफचा खर्च उचलत राहिलं. हा विषय निघाला की आपल्याकडे कौरवांचे तुपाचे कुंभ काढायची चाल आहे. त्यापेक्षा नियोग आठवावा. तिथे तिसरा माणूस उघडपणे घरात येतो आणि वंश मात्र नवऱ्याचाच चालतो, म्हणजे कैरोच्या नेमकं उलट. प्रत्येकाने आपल्या कुटुंबाची जी शीर नाजूक, तिथे हात धरला.

रोमच्या नव्या पायाची कसोटी 1996 च्या ऑगस्टमध्ये लागली. ब्रिटनच्या कायद्याने गोठवलेली भ्रूणं पाच वर्षांपर्यंत ठेवता येत. ज्यांच्या मालकांनी मुदतवाढ कळवली नाही, अशी सुमारे 3,300 भ्रूणं नष्ट करायची वेळ आली. व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने याला जन्माआधीची कत्तल म्हटलं. इटलीतल्या काही बायकांनी ती भ्रूणं आपल्या पोटात वाढवायची तयारी दाखवली. भ्रूण माणूस असेल तर त्याला वाचवणं धर्मच, असा त्यांचा साधा हिशेब होता. पण दुसऱ्याचं भ्रूण पोटात घेणं म्हणजे विवाहाबाहेरची गर्भधारणा, पायस बाराव्यांचा आक्षेप पुन्हा आडवा. नकाराची दोन कारणं एकमेकांसमोर उभी ठाकली. 2008 च्या ‘दिग्नितास पेर्सोने’ या दस्तऐवजाने अखेर कबूल केलं, की हेतू स्तुत्य असला तरी त्यात अडचणी आहेत, आणि साठलेल्या हजारो भ्रूणांचा प्रश्न सुटेल असा नैतिक मार्ग दिसत नाही. मला या सगळ्या कागदपत्रांतली ही सर्वांत प्रामाणिक जागा वाटते.

खुद्द इटलीत 2004 पर्यंत कायदाच नव्हता. 1985 च्या एका मंत्र्याच्या परिपत्रकाने सरकारी इस्पितळांत दात्याचं बीज वापरायला बंदी केली होती, खासगी दवाखाने मोकळे होते. सेव्हेरिनो आंतिनोरी या डॉक्टरने 1994 मध्ये एका 62 वर्षांच्या बाईला मूल मिळवून दिलं. त्याचा दवाखाना व्हॅटिकनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि तो स्वतःला कॅथलिक म्हणवून घेई. वर्तमानपत्रांनी या अवस्थेला ‘फार वेस्ट’ नाव दिलं, अमेरिकन काउबॉय सिनेमांवरून.

2004 च्या फेब्रुवारीत कायदा क्रमांक 40 आला, तो युरोपातल्या अतिशय कडक कायद्यांपैकी एक होता. दात्याचं बीज बंद. एका वेळी तीनच भ्रूणं करायची आणि तिन्ही एकदम गर्भाशयात सोडायची. गोठवायची नाहीत, तपासायची नाहीत. आनुवंशिक रोग असलेल्या जोडप्याने आधी भ्रूण रुजवायचं आणि मग हवं तर कायदेशीर गर्भपात करायचा, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. भ्रूणाच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्याचा हा परिणाम संसदेतल्या कुणाला दिसला नव्हता असं नाही.

विरोधकांनी सह्या गोळा करून जून 2005 मध्ये सार्वमत घेतलं. बिशपांच्या परिषदेचे प्रमुख कार्डिनल कामिल्लो रुइनी यांनी इथे खरी चतुराई दाखवली. घटस्फोटावरच्या 1974 च्या आणि गर्भपातावरच्या 1981 च्या सार्वमतांत चर्च समोरासमोर लढून हरलं होतं. या वेळी त्यांनी ‘नाही’वर शिक्का मारा असं सांगितलंच नाही. घरी बसा, असं सांगितलं. निम्म्याहून अधिक मतदान झालं नाही तर सार्वमत बाद होतं. नुकतेच पोप झालेले रात्सिंगर, आता बेनेडिक्ट सोळावे, यांनी बिशपांना पाठिंबा दिला. मतदान झालं जेमतेम चौथा हिस्सा. यातले कितीजण धर्मासाठी घरी बसले आणि कितीजण जूनच्या उन्हात समुद्रावर गेले, हे कुणालाच सांगता येणार नाही. रुइनींना त्याची गरजही नव्हती.

मग जोडप्यांनी आपापला निकाल लावला. स्पेन, स्वित्झर्लंड, बेल्जियम, ग्रीस इथल्या दवाखान्यांत इटालियन बोलणारे कर्मचारी ठेवावे लागले. ज्यांना परवडत नव्हतं, किंवा ज्यांना आपल्या देशातच न्याय हवा होता, ते कोर्टात गेले. 2009 मध्ये इटलीच्या घटना न्यायालयाने तीन भ्रूणांची अट उडवली. 2012 मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने, सिस्टिक फायब्रोसिसची बाधा दोघांच्याही बीजात असलेल्या एका जोडप्याच्या दाव्यात, भ्रूण तपासू न देणं विसंगत ठरवलं. कारण गर्भपात तर चालत होताच. एप्रिल 2014 मध्ये दात्याच्या बीजावरची बंदीही गेली. रुइनींनी सार्वमतात वाचवलेला कायदा दहा वर्षांत, दाव्यामागून दाव्यात, बराचसा रिकामा झाला होता.

आता इटलीची सरकारी आरोग्यसेवा आयव्हीएफचा खर्च उचलते. दात्याच्या बीजाचाही. पर्गोनाल कधीच मागे पडलं. 1990 च्या दशकात तेच हार्मोन प्रयोगशाळेत पेशींकडून तयार करता येऊ लागलं आणि मठांच्या दारातले टँकर बंद झाले. 2004 च्या कायद्यातली एक बंदी मात्र हलली नाही, ती सरोगसीची. उलट ऑक्टोबर 2024 मध्ये जॉर्जिया मेलोनींच्या सरकारच्या काळात संसदेने ती सीमेपलीकडे नेली. इटालियन नागरिकाने परदेशात जाऊन सरोगसी केली तरी तो घरी परतल्यावर गुन्हेगार, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख युरोपर्यंत दंड. या वेळी चर्चच्या बाजूने बोलणाऱ्यांत काही स्त्रीवादी संघटनाही होत्या, आणि त्यांचं कारण शय्या नव्हतं, भ्रूणही नव्हतं. बाईचं पोट भाड्याने देऊ नये, एवढंच होतं.